सोबती गेटवर किती दिवस थांबेल?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघं मित्र परळचे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. १९८२ च्या गिरणी संपावर रोल-प्लेइंग गेम बनवताय, म्हणजे खेळाडू एक पात्र होऊन कथेत वावरतो तसा कॉम्प्युटर गेम. चित्रं हाताने काढलेली, संवाद सगळे लिहिलेले, आवाज नाही. दहा सोबती, म्हणजे खेळाडूबरोबर फिरणारी लिहिलेली पात्रं, ठरवलेत आणि वाद तिथेच अडलाय. जुन्या गेमसारखे ते गिरणगावभर विखरून ठेवायचे, ज्याला सापडतील त्याला सापडतील? की तुझा एक मित्र म्हणतो तसे, आजच्या गेमसारखे, कथेच्या ओघात प्रत्येकाला भेटवायचे? त्यात तुझी भीती अशी की निम्मे सोबती कुणी पाहिलेच नाहीत तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल.

मी गेली अठरा वर्षं मुंबईत गेमसाठी क्वेस्ट, म्हणजे खेळाडूने पार पाडायच्या कामगिऱ्या, आणि संवाद लिहितोय. उत्तर आधी देतो: विखरून ठेवा. दहातले तीन कथेच्या वाटेवर राहू देत, बाकीचे सात शोधणाऱ्यासाठी. मोठ्या स्टुडिओला आज हे परवडत नाही, तुम्हाला परवडतं. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१९९८ साली बाल्डर्स गेट हा रोल-प्लेइंग गेम आला. तो माझ्या हाती लागला तेव्हा माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. लालबागच्या चाळीत मामाच्या खोलीत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर होता. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा ठेवलेला असायचा, कारण त्या गेममध्ये वाचायला प्रचंड होतं आणि मी मराठी माध्यमाचा. त्यात एकूण पंचवीस सोबती, आणि पार्टीत, म्हणजे सोबत फिरणाऱ्या टोळीत, एका वेळी फक्त सहा जण, त्यातला एक स्वतः खेळाडू. म्हणजे पंचवीसपैकी पाचांना घेऊन निघायचं. हे गणित नीट बघ. गेम बनवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं की त्यांनी लिहिलेली बहुतेक माणसं तुझ्यासोबत येणार नाहीत.

त्यात नॅशकेल नावाचं खाणीजवळचं गाव आहे. तिथे मिन्स्क भेटतो, धिप्पाड योद्धा, सोबत बू नावाचा हॅम्स्टर. त्याची विनवणी एकच: डायनाहेर नावाच्या जादूगार बाईला नॉल नावाच्या राक्षसी प्राण्यांच्या टोळीने किल्ल्यात डांबलंय, तिला सोडवायला चल. त्याच गावात पुलाजवळ एडविन उभा असतो, लाल झग्यातला जादूगार. तोही यायला तयार आहे, पण त्याला तीच डायनाहेर मेलेली हवी आहे. गाव एक, बाई एक, आणि दोन अनोळखी माणसांच्या दोन उलट्या मागण्या. नकाशावर खूण नाही, ‘महत्त्वाचा निर्णय’ अशी पाटी नाही. मिन्स्कला हो म्हणून तू दुसरीकडेच भटकत राहिलास तर त्याचा संयम सुटतो. मी पहिल्या वेळी एडविनशी बोललोच नव्हतो, तो पुलावरचा कुणीतरी वाटला. दुसऱ्यांदा खेळताना थांबलो आणि अंगावर काटा आला. पहिल्या वेळीही तो तिथेच उभा होता, त्याच हेतूने.

त्याच गेममधलं आणखी एक जोडपं घे, खलिद आणि जहीरा. नवरा-बायको. एकाला पार्टीतून काढलं की दुसराही निघून जातो. खलिद भित्रा, बोलताना अडखळणारा, आणि जहीरा मला फार उपयोगाची. तरी तिच्यासाठी त्याला सांभाळावं लागायचं. कुणाला रजा दिली तर तो जिथे सोडला तिथेच उभा राहायचा. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचो, कोण कुठल्या रस्त्यावर सोडलाय. आज असं केलं तर लोक गैरसोय म्हणतील, आणि ती होतीच. पण त्या वहीमुळे ती माणसं माझ्या डोक्यात त्या-त्या जागी राहत होती.

त्याआधीच्या वर्षीचा, १९९७ चा फॉलआउट हा गेम सोबत्यांच्या बाबतीत फारच कच्चा होता. सोबत्याचं चिलखत बदलता येत नसे, हुकूम देण्याची सोय जवळजवळ नव्हती. इयन नावाचा माणूस शंभर नाण्यांवर किंवा गोड बोलून सोबत यायचा आणि गर्दीत गोळी झाडली की ती आपल्यालाही लागायची. पण याच गेममध्ये डॉगमीट आहे, आणि सोबती भेटण्याचा याहून चांगला प्रसंग मी अजून पाहिलेला नाही. जंकटाउनमध्ये एक माणूस स्वतःच्याच घरासमोर खोळंबून उभा असतो. दारात कुत्रा बसलाय, आत जाऊ देत नाही. तू काय करशील? कुत्र्याला मारता येतं. पण तुझ्याकडे खायला काही असेल आणि ते तू त्याला घातलंस, तर तो दार सोडतो आणि तुझ्या मागे निघतो. किंवा तुझ्या अंगात चामड्याचं जॅकेट असेल तरी येतो, कारण त्याचा मेलेला मालक तसे कपडे घालायचा. यात ‘सोबती मिळाला’ म्हणून वाजणारं संगीत नाही. गल्लीतल्या कुत्र्याला आपण बिस्किट टाकतो आणि तो कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो, इतकं साधं आहे ते. आणि घराबाहेर ताटकळलेल्या माणसाचं कामही होऊन जातं. तीन ओळींच्या संवादात त्या कुत्र्याला भूतकाळ आहे, जागा आहे, आणि तुझ्या स्वभावाची परीक्षाही आहे.

आता आजच्याकडे ये. १९९७ च्या फायनल फँटसी सातमध्ये युफी आणि व्हिन्सेंट हे दोघं पूर्णपणे ऐच्छिक होते. युफी जंगलात अचानक लढायला यायची. तिला हरवल्यावर ती प्रश्न विचारायची आणि उत्तरं चुकली की पैसे घेऊन पसार. व्हिन्सेंट एका पडक्या वाड्याच्या तळघरात शवपेटीत झोपलेला. त्याआधी वाड्यातल्या चिठ्ठ्यांवरून तिजोरीचे आकडे शोधायचे आणि तिजोरीतून निघणाऱ्या राक्षसाला हरवायचं. कित्येकांनी पूर्ण गेम या दोघांशिवाय संपवला. २०२४ च्या रीबर्थमध्ये, म्हणजे त्याच कथेच्या नव्या रूपात, युफी प्रत्येकाला भेटतेच. कथा तिला आणून उभी करते. व्हिन्सेंटही दिसतोच, फक्त त्याला हाताळता येत नाही.

बनवणाऱ्यांची हिंमत कमी झाली असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. खरं कारण पैशाचं आहे. १९९८ ला सोबती म्हणजे एक लहान चित्र, थोडे रेकॉर्ड केलेले उद्गार आणि बाकी सगळी वाक्यं. ती वाक्यं एक लेखक टेबलाशी बसून लिहायचा. आज मोठ्या गेममध्ये तोच सोबती म्हणजे नट, त्याचा आवाज, त्याच्या शरीराच्या हालचालींचं चित्रण, चेहऱ्याचं अॅनिमेशन, त्याच्या खास क्वेस्टसाठी बांधलेली जागा. त्यात आणखी सगळ्यांना विसर पडतो ती एक गोष्ट, आपसातलं बोलणं. सहा सोबती असतील तर जोड्या पंधरा. प्रत्येक जोडीला तीन छोटे संवाद दिले तरी पंचेचाळीस होतात. पंचवीस सोबत्यांच्या जोड्या तीनशे. एवढा खर्च करून ते माणूस तळघरातल्या शवपेटीत ठेवायचं आणि बहुतेकांनी पाहूच नये, हे कुठल्या निर्मात्याला पटेल? बाल्डर्स गेट बनवणाऱ्यांनीही २००० सालच्या दुसऱ्या भागात सोबत्यांची संख्या घटवली आणि उरलेल्यांना बोलतं केलं. तिथूनच हा बदल सुरू झाला.

त्या बदलातून मिळालेलं कमी मोलाचं नाही, हेही तुझ्या मित्राच्या बाजूने सांगतो. २०२३ चा बाल्डर्स गेट तीन घे. पहिल्या काही तासांत, जहाज कोसळलं त्या परिसरात, जवळजवळ सगळे मुख्य सोबती भेटून जातात. गेल दगडातल्या जादूच्या भोकातून हात बाहेर काढून मदत मागतो. लेझेल पिंजऱ्यात टांगलेली. अॅस्टेरियन मदतीच्या बहाण्याने बोलावतो आणि गळ्याला सुरा लावतो. शोध फारसा नाही, पण प्रत्येकाची पहिली मुद्रा अशी की पुढे शंभर तास तीच खरी ठरते. ज्यांना घेतलं नाहीस ते तळावर थांबतात, तुझ्याबरोबर वाढतात. मागे पडलेल्या, नवख्या पातळीच्या (म्हणजे कमी ताकदीच्या) सोबत्याला उशिरा घेण्याचा जुना त्रास संपला. आणि निवडीची किंमत गेली असं समजू नकोस. ती दारातून उठून घरात गेली. ड्रूइडांच्या, म्हणजे निसर्गपूजक जादूगारांच्या, वस्तीवर हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलास तर त्यांची म्होरकी मिंथारा सोबती म्हणून मिळते आणि विल, कार्लॅक हे दोन सोबती सोडून जातात. तिला लढाईत ठार न मारता बेशुद्ध पाडून वाचवण्याची वाट नंतरच्या अपडेटमध्ये रीतसर आली. त्या वाटेने प्रसंग थोडा हलका झाला, असं मला वाटतं. २०१० च्या मास इफेक्ट दोनमध्ये तर सोबत्यांच्या फायलीच हातात देतात: हा इथे आहे, जाऊन आण. शोधण्यासारखं काही नाही. पण आणल्यावर त्यांची निष्ठा मिळवली नाहीस तर शेवटच्या मोहिमेत माणसं मरतात आणि ती तुझ्यामुळे मरतात.

म्हणजे जुन्या गेमनी भेटण्याला किंमत लावली, नव्यांनी टिकवण्याला. तुम्हाला दोन्ही करता येतं, कारण तुमचा सोबती अजूनही लिहिलेल्या वाक्यांचाच आहे. एका बेडवर बसून आठवड्यात एक माणूस लिहिता येतो. तो कुणी पाहिला नाही तर गेला आठवडा, कोटी रुपये नाही. २०१९ च्या डिस्को एलिसियमचं उदाहरण जवळ ठेव. तो आला तेव्हा बहुतांश लिखितच होता, पूर्ण आवाज २०२१ च्या आवृत्तीत आला. त्यात किम कित्सुरागी हॉटेलच्या खालच्या मजल्यावर तुझी वाट पाहत उभा असतो, चुकणं शक्यच नाही. पण तो गोळी लागून रुग्णालयात गेला तर त्याच्या जागी कुनो हा टपोरी पोरगा सोबतीला येऊ शकतो. बहुतेकांनी ती बाजू कधी पाहिलेली नसते. तरीही लेखकांनी ती पूर्ण लिहिली. ज्याने पाहिली तो आयुष्यभर सांगत राहतो.

आता तुमच्या गेमबद्दल. तुझ्या यादीतला बदली कामगार मला सगळ्यात जास्त आवडला, आणि तुम्ही त्याला कथेत चौथ्या प्रसंगी आपोआप आणताय हे वाचून जीव हळहळला. बदली कामगाराचं आयुष्यच सोबती म्हणून निवडलं जाण्याचं आहे. पाळीचा भोंगा होण्याआधी गेटवर येऊन उभं राहायचं. कायम कामगार गैरहजर असेल आणि जॉबरची, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाची, नजर पडली तर आजचा रोज मिळाला, नाहीतर घरी परत. खेळाडूने त्याला तिथेच शोधावा, सकाळी, गर्दीत, इतर दहा जणांमध्ये. पण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होतो, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडतात, आणि गेटवर उभं राहण्याला अर्थच उरत नाही. मग तो कुठे असेल? काही दिवस खानावळीत, उधारीवर. त्यानंतर मुंबई सेंट्रलच्या एसटी स्टँडवर, पत्र्याची ट्रंक घेऊन, कारण त्या संपात कितीतरी जण कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे गावी परतले. तीन जागा, तीन वेळा. तिन्ही चुकल्या तर तो गेला. २००९ च्या ड्रॅगन एज ओरिजिन्समध्ये लोदरिंग गावातल्या पिंजऱ्यातला स्टेन असाच आहे. तू पुढची मोठी मोहीम उरकून येईपर्यंत गाव उद्ध्वस्त झालेलं असतं आणि त्याला सोबत घेण्याची वेळ टळलेली असते. पण तिथे बाहेरून संकट येऊन गाव पुसतं. तुमच्याकडे इतिहासानेच माणसं गावी पाठवलीत. तुम्हाला कृत्रिम घड्याळ लावायची गरज नाही.

आणि तो गेला तर तिथे पोकळी सोडू नका. दोन महिन्यांनी गावाहून एक पोस्टकार्ड येऊ दे, ज्याला तो भेटला नाही त्याच्या नावाने नाही, खानावळवाल्या बाईच्या नावाने, उधारीचे पैसे पाठवतो म्हणून. खेळाडू ते वाचेल आणि विचारेल, हा कोण? ते विचारणंही तुमच्या मेहनतीतूनच आलेलं आहे. न भेटलेल्या सोबत्यावरचा आठवडा इथे वसूल होतो.

खानावळवाल्या बाईला तुम्ही फक्त दुकानदार ठेवलंय. तिला मधोमध आणा. १९९५ च्या सुइकोडेनमध्ये १०८ सोबती गोळा करता येतात, जुन्या चिनी कथेतल्या १०८ वीरांवरून. आपल्याकडे जपमाळेचे मणीही तितकेच, म्हणून मला तो आकडा लहानपणी अगदी घरचा वाटला होता. त्यातल्या बहुतेकांना फारशी कथा नाही, दोन-चार वाक्यं. पण प्रत्येक जण आला की तळाचा किल्ला बदलतो. लोहार येतो, दुकानं उघडतात, रिकाम्या दालनात माणसं दिसू लागतात. भेटलेल्या माणसाचा परिणाम जागेवर दिसतो, म्हणून पुढचा शोधावासा वाटतो. तुमचा किल्ला म्हणजे तिची पंगत. प्रत्येक नवा सोबती म्हणजे आणखी एक ताट, चित्रात ते दिसू दे. संपाला महिने होतील तसं ताटातलं कमी होऊ दे. मग आठव्या माणसाला सोबत घेताना खेळाडू थांबून विचार करेल, आणि त्यासाठी तुम्हाला ‘कमाल सात सोबती’ असा नियम लिहावा लागणार नाही.

लपवण्याबद्दल एक गोष्ट मी स्वतः ठेच लागून शिकलोय. एका प्रकल्पात मी एक कोळी म्हातारी सोबती म्हणून लिहिली होती. ती फक्त पहाटे ससून डॉकला भेटायची. खेळून पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच ती सापडली नाही. मला सांगण्यात आलं की तिला दिवसभर धक्क्यावर उभी करा. ती दिवसभर उभी राहिली असती तर ती ती राहिली नसती. आम्ही तिची वेळ तशीच ठेवली आणि तिचं नाव दुसऱ्यांच्या तोंडी घातलं. बर्फवाला तिच्या उधारीबद्दल कुरकुरतो. हवालदार म्हणतो, सूर्य उगवायच्या आत तिची गाठ घ्या, नंतर ती कुणाच्या बापाला सापडत नाही. तिची सून आणखी वेगळंच काही सांगते. पुढच्या फेरीत बऱ्याच जणांनी पहाटे जाऊन तिला गाठलं. म्हणून प्रत्येक लपलेल्या सोबत्याची खबर निदान तिघांकडे ठेवा, तिघंही एकमेकांना न ओळखणारे, आणि तिघांचं त्याच्याबद्दलचं मत वेगळं. नकाशावर बाण लावू नका. बाण लावला की खेळाडू माणसांशी बोलायचं सोडून बाणाशी बोलतो.

कथेच्या वाटेवरचे तीन कुठले, हे तू विचारशीलच. खानावळवाली बाई नक्की. युनियनचा तो तरुण कार्यकर्ताही, कारण त्याच्याशिवाय संपाची बाजू कळणार नाही. तिसरा तुमच्या यादीतला पोलीस शिपाई घ्या. तो आणि कार्यकर्ता एकाच पंगतीला बसलेले पाहणं प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवं. या तिघांचे आपसातले तीन संवाद पक्के लिहा. बाकी सात जणांना प्रत्येकी फक्त एक-दोन माणसांशीच बोलतं करा, नाहीतर जोड्यांच्या हिशोबात परीक्षा बुडेल. पातळीचा गोंधळ टाळायला उशिरा आलेला सोबती खेळाडूच्या पातळीवरच येऊ द्या, यात प्रामाणिकपणाचा प्रश्न आणू नका. आणि एडविनसारखा एक तरी माणूस ठेवा, ज्याला घेतलं तर दुसरा कधीच येणार नाही. तुमच्या यादीत पतपेढीवाला सावकार आहे आणि त्याचं कर्ज डोक्यावर असलेली विणकराची बायको आहे. ते दोघं एकाच गल्लीत राहत असतील, नाही का?

आज बाकी सगळं बाजूला ठेव आणि बदली कामगाराची गेटवरची सकाळ लिही. फक्त तेवढाच प्रसंग, संवादांसकट, चित्रांशिवाय. त्यात खेळाडूने त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याची वाटही लिही, तितक्याच काळजीने. लिहून झाला की पाठव, मी वाचतो.